बारावे घर

सेवेतून निवृत्त होऊन काही वर्षे झाली. पुष्कळ गुन्हे विसरलो. आरोपींचे चेहरे विसरलो, ज्या ठाण्यांत वर्षानुवर्षे बसलो त्यांतल्या काहींच्या इमारतीही आता नीट डोळ्यांसमोर येत नाहीत. पण डोंगा बुडाल्याची ती घटना आणि तिच्यानंतर आलेले ते निनावी पत्र मात्र अजून जसेच्या तसे आठवते. त्या तपासात मी चुकलो होतो, म्हणूनच बहुधा आठवत असावे. त्यातली माणसे आजही त्याच गावात राहतात, म्हणून येथे कोणाचे नाव लिहीत नाही.

तेव्हा मी भंडारा जिल्ह्यात वैनगंगेकाठच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. गोसीखुर्द धरणाचे फुगवट्याचे पाणी आमच्या हद्दीपर्यंत येते. त्या पाण्याच्या कडेला एक पुनर्वसित गाव आहे. घरे अलीकडच्या काठावर गेली, पण बऱ्याच बांध्या, म्हणजे धानाच्या शेतांचे तुकडे, पलीकडेच राहिल्या. रस्त्याने पायी पलीकडे जायचे तर अर्धा दिवस मोडणारा वळसा. म्हणून लोक डोंग्याने, म्हणजे साध्या लाकडी नावेने, ये-जा करत.

रोवणीच्या, धानाच्या लावणीच्या दिवसांत एके सकाळी अकरा बाया डोंग्यात बसून पलीकडे निघाल्या. पाण्याच्या मधोमध डोंग्यात पाणी शिरले आणि तो उलटला. सात बाया बुडाल्या. चार वाचल्या. त्यांतल्या दोघींना नावाड्यानेच ओढून काठाला आणले होते. तरीही आम्ही पोचलो तेव्हा गाव त्याला मारायला उठले होते. त्याला गर्दीतून काढून गाडीत घालणे हेच आमचे पहिले काम ठरले.

गाडीत तो मागच्या सीटवर बसला होता. अंगावरचे पाणी सीटवर निथळत होते.

"साहेब, मी नाई म्हणलं होतं," तो म्हणाला. "दोन फेऱ्या करू म्हणलं. डोंग्याले भोक होतं. ठेकेदारानंच त्याच्यात पोतं कोंबलं, अन् म्हणे, चाल, काई होत नाई."

हा ठेकेदार म्हणजे रोवणीसाठी बायांच्या टोळ्या पुरवणारा माणूस. माझ्या शेजारी बसलेला जुना हवालदार मान हलवत म्हणाला, "पकडला गेला का सारेच असं म्हणतेत, साहेब."

खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटले. ठेकेदाराचा जबाब आम्ही घेतला. तो म्हणाला, मी पहाटेच मोटरसायकलने रस्त्याने पलीकडे गेलो होतो, बाया पोचायच्या आधी पऱ्ह्यांच्या, धानाच्या रोपांच्या पेंड्या बांधीत टाकायच्या होत्या. ओरडा ऐकला तेव्हा कळले. वाचलेल्या चौघींना विचारले. त्या म्हणाल्या, आम्हाला काही ठाऊक नाही, डोंगा बुडाला एवढेच ठाऊक. डोंगा दोन दिवसांनी सापडला तेव्हा त्याची तळाची फळीच निघून गेलेली होती. भोक नाही, पोते नाही. नावाड्याचे म्हणणे एका ओळीत त्याच्या जबाबात राहिले आणि तो सदोष मनुष्यवधाच्या गुन्ह्यात भंडाऱ्याच्या कारागृहात गेला. जामीन मिळाला नाही.

त्या सगळ्या धावपळीत ठेकेदाराचा आम्हाला फार उपयोग झाला, हेही लिहिले पाहिजे. चौघींना त्यानेच आपल्या गाडीतून रुग्णालयात नेले. शवविच्छेदनाच्या कागदांसाठी तो स्वतः उभा राहिला. पंचनामा चालू असताना आमच्या माणसांना चहा त्याच्या घरून आला. असा एक माणूस प्रत्येक गावात असावा, असे मी त्या दिवशी म्हणालोही होतो.

घटनेनंतर पंधरवड्यात गावात मदत निधी उभा राहिला. गावच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका त्याच्या प्रमुख झाल्या. त्यांचे वडील छप्पन साली नागपूरला दीक्षाभूमीवर गेले होते आणि परत आल्यावर त्यांनी पहिले काम मुलीला शाळेत घालण्याचे केले, असे गावात सांगत. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी जन्म काढला होता. सारे गाव त्यांना नुसते 'बाई' म्हणे. तालुक्यातल्या भात गिरण्यांनी तांदूळ दिला, नागपूर-पुण्याला नोकरी करणाऱ्या गावच्या मुलांनी पैसे पाठवले, बाजारातल्या एका किराणा व्यापाऱ्याने तेल आणि डाळ देण्याचे कबूल केले. समाजमंदिरातल्या एका खोलीत हे सामान ठेवत आणि दर पंधरा दिवसांनी वाटत.

निधीचे काम नुसते वाटपापुरते नव्हते, हे मला पुढे कळले. बुडालेल्या एका बाईची मुलगी नर्सिंगला शिकत होती. ती शिक्षण सोडून घरी बसली होती, तिला बाईंनी स्वतः नेऊन पुन्हा वसतिगृहात पोचवले. एकीचा नवरा एका हाताने अधू, त्याला गावच्या नळयोजनेवर काम मिळवून दिले. वाचलेल्यांपैकी एकीच्या छातीत पाणी गेले होते, तिला महिन्यातून दोनदा दवाखान्यात नेण्याची पाळी समितीने लावून दिली होती. पण तेव्हा माझ्या कानावर यातले काहीच नव्हते. माझ्या कानावर आले ते पत्र.

दिवाळी होऊन गेली होती, धान कापून झाले होते, थंडी पडली होती. आवक टपालात एक पाकीट आले. आत वहीचा फाडलेला कागद, निळ्या शाईत चार ओळी. खाली सही नाही.

'डोंग्यात अकरा बाया होत्या. निधीचा तांदूळ बारा घरी जातो. बारावं घर कोणाचं ते बाईला विचारा. वाटपाचा एक फोटो कोणाजवळ नाही, याचंही कारण विचारा.'

निनावी अर्ज ठाण्यात आठवड्याला दोन-तीन येतात. बहुतेक भाऊबंदकीचे असतात. हा तसा नव्हता. त्यात आरोप नव्हता, फक्त प्रश्न होते, आणि असे प्रश्न पोलिसाच्या डोक्यातून जात नाहीत. मदतीच्या कामात घोटाळे मी पाहिलेले होते. पूर आला, आग लागली, की पहिल्या आठवड्यात सगळे रडतात आणि दुसऱ्या आठवड्यापासून कोणीतरी आपले घर भरायला लागतो. मी हवालदाराला म्हणालो, "बोलाव त्या बाईंना. वह्या घेऊन या म्हणावं."

बाई दुसऱ्या दिवशी दुपारी आल्या. सत्तरीच्या आसपास वय, पांढरी साडी, हातात कापडी पिशवी. समोर बसल्या, वही टेबलावर ठेवली. मी पाने उलटली. अक्षर शाळेच्या फळ्यावरचे असावे तसे. वाटपाच्या प्रत्येक तारखेला अकरा घरांची नावे होती. बाराव्या ओळीत नाव नव्हते. नुसते लिहिले होते, 'बारावे घर', आणि पुढे अंगठा.

"हे कोण?" मी विचारले.

"नावाड्याचं घर," त्या म्हणाल्या. आवाजात काही फरक नाही.

मी वही मिटली. "सात बायांना बुडवणाऱ्याच्या घरी तुम्ही लोकांच्या मदतीतून तांदूळ देता?"

"त्याची बायको आहे, दोन लहान मुली आहेत. कोणी त्यांना कामावर बोलवत नाही, दुकानदार उभं करत नाही."

"मग नाव का लिहिलं नाही?"

"ज्यांनी देणगी दिली त्यांतले काही रागावले असते. तुम्ही विचारलंत, मी सांगितलं. लपवायचं असतं तर ती ओळच लिहिली नसती."

"आणि फोटो?"

"हात पसरलेल्या माणसाचा फोटो काढू नये, असं मला वाटतं. माझ्या विद्यार्थिनी आहेत त्यांतल्या बऱ्याच."

उत्तरे सरळ होती. पण उत्तरे फार सरळ असली की माझ्या पिढीचा पोलीस उलट सावध होतो. मी शेवटचा प्रश्न विचारला. "त्या घराला द्यायचं, हे कोणी ठरवलं?"

येथे त्या पहिल्यांदा थांबल्या. पदर नीट केला. "ते मी सांगू शकत नाही, साहेब. ते माझं सांगायचं नाही."

एवढ्यावर माझा संशय पक्का झाला. पंचवीस वर्षे चौकशा केल्यावर माणूस कोठे थांबतो यावर माझे लक्ष असे. कोणीतरी नावाड्याच्या घराचे तोंड बंद ठेवण्यासाठी तांदूळ देत आहे, आणि बाई ते झाकत आहेत, असा माझा तर्क. काय झाकत आहेत हे मला ठाऊक नव्हते, पण झाकत आहेत हे नक्की होते. त्यातले दुसरे अर्धे खरेही निघाले.

मी बाईंना सांगितले, चौकशी पूर्ण होईपर्यंत वाटप बंद. हवालदाराने त्याच संध्याकाळी जाऊन समाजमंदिरातल्या खोलीला ठाण्याचे कुलूप लावले आणि चावी माझ्या कपाटात ठेवली. तसे करण्याचा अधिकार मला होता की नव्हता, हे मी तपासले नाही. गावात ठाणेदाराने कुलूप लावले की कोणी कलम विचारत नाही.

दोन दिवसांनी मी नावाड्याच्या घरी गेलो. गावाच्या टोकाला, पाण्याच्या बाजूला एक खोली आणि पुढे मांडव. त्याची बायको वाळलेल्या मासळीचे तुकडे निवडत बसली होती. मला पाहून उठली नाही. मागे दारात दोन मुली उभ्या होत्या, त्यांना तिने हातानेच आत ढकलले.

"तुले तांदूळ कोण देते?" मी तिच्या बोलीत विचारले. हद्दीत राहून तेवढी बोली मला येत होती.

"तांदूळ पायजे काय तुमाले? नेऊन टाका. नवरा तं आधीच नेला."

"तांदूळ नाही न्यायचा. कोण आणून देते ते सांग."

"बायाच आनून देतेत."

"कोण बाया?"

"ज्या वाचल्या त्या. अन् ज्याईच्या घरच्या मेल्या त्याही."

मला वाटले, ऐकण्यात चूक झाली. "ज्यांच्या घरची मयत झाली, त्या तुझ्या घरी तांदूळ घेऊन येतात? काहून?"

तिने मासळी सुपात टाकली. "मी नाई इचारलं. इचारलं अन् बंद झालं तं?"

परतताना गाडीत हवालदार म्हणाला, "साहेब, हे प्रकरण मले सीधं नाही दिसून राहिलं." मलाही दिसत नव्हते. सुनेला, बहिणीला, आईला बुडवणाऱ्या माणसाच्या मुलींसाठी कोणी डोक्यावर पिशवी घेऊन चालत जात नाही. भीतीने करतील म्हणावे, तर नावाडी आत होता आणि त्याच्या बायकोला गावात कुत्रे विचारत नव्हते. मग कशाने?

मी वाचलेल्या चौघींना ठाण्यात बोलावले. एकेकीला वेगळे बसवून विचारले. चौघींचे उत्तर एकच. "आमाले ठाऊक नाई." शब्दही तेच, नजरही तीच, जमिनीकडे. साक्षीदार खोटे बोलतो तेव्हा प्रत्येकाचे खोटे थोडे वेगळे असते. चार माणसे अगदी सारखे बोलतात, तेव्हा ती आधी एकत्र बसलेली असतात. कशासाठी बसली असतील, हे मला कळेना. आणि खोलीचे कुलूप तसेच राहिले. एक वाटप चुकले. मग दुसऱ्याची तारीख जवळ आली.

त्याच सुमारास ठेकेदार एकदोनदा ठाण्यावरून गेला. एकदा आत आला, नमस्कार केला, आमच्या माणसांशी गप्पा मारल्या. जाता जाता म्हणाला, "साहेब, मिरची तोडाले टोळी नेऊन राहिलो तेलंगणात. गरिबाच्या बाया आहेत, चार पैसे भेटतीन. पहिले तं याले तयारच नव्हत्या, आता आपणहून नावं देऊन राहिल्या." मी हो हो म्हणालो. आमच्या या धानपट्ट्यातून, झाडीपट्टीतून, दर वर्षी धान निघाल्यावर मजूर मिरचीच्या तोडणीला जातात, त्यात विशेष काही नव्हते. 'आता' या शब्दाकडे माझे लक्ष गेले नाही.

आणि मग दुसरे पत्र आले. तीच वही, तीच शाई, पण या वेळी चार ओळींवर भागले नव्हते. लिहिणाऱ्याचा धीर सुटला होता.

'ठाणेदार साहेब बाईला अटक का करत नाहीत? तुम्हीही वाटेकरी आहात का? फाटक्या डोंग्याच्या भोकात पोतं कोंबून सात बाया बुडवल्या, त्याच्या घरी भात शिजतो आणि सरकार गप्प. आम्ही वर कळवू.'

मी ते दोनदा वाचले आणि हवालदाराला नावाड्याच्या गुन्ह्याचे कागद काढायला सांगितले. पंचनाम्यात भोक नव्हते. वर्तमानपत्रात आलेल्या बातमीत नव्हते. चार साक्षीदार बायांच्या जबाबात नव्हते. न्यायालयात अजून तो पुरावा कोणी वाचून दाखवलेला नव्हता. भोक आणि त्यातले पोते सगळ्या कागदांत फक्त एका ठिकाणी होते, नावाड्याच्या जबाबातल्या त्या एका ओळीत, जिच्यावर मी विश्वास ठेवला नव्हता. तो जबाब माझ्या कपाटात होता.

म्हणजे पत्र लिहिणाऱ्याने एकतर माझे कपाट उघडले होते, नाहीतर त्या सकाळी तो काठावर उभा होता. माझे कपाट कोणी उघडलेले नव्हते.

हवालदार माझ्याकडे पाहत होता. "साहेब, मंग तो नावाडी..."

"खरं बोलत होता," मी म्हणालो. तेवढे बोलायला मला सहा महिने लागले होते.

काठावर त्या सकाळी कोण होते? अकरा बाया, नावाडी, आणि नावाड्याच्या म्हणण्याप्रमाणे ठेकेदार. पण एका पत्रावर कोणाला आत घेता येत नाही. मी ठेकेदाराला निरोप पाठवला, की निधीच्या प्रकरणात बाईंवर कारवाई करायची आहे, गावातल्या जबाबदार माणसाचे म्हणणे हवे आहे. तो तासाभरात आला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. मी त्याला खुर्ची दिली. हवालदार बाजूच्या टेबलावर कागद घेऊन बसला.

मी बाईंविषयी विचारले. तो बोलतच सुटला. म्हातारीने सारा तांदूळ वाटेल तसा उधळला, लोकांच्या भावनांशी खेळ केला, बाया काम सोडून घरी बसल्या, फुकटाची सवय लागली. मी मान डोलावत होतो.

"आणि मुख्य म्हणजे नावाड्याच्या घरी," मी म्हणालो.

"तेच तं साहेब! मानसं मारायचे अन् वरतून भात खायचा."

"बरं, ते भोक किती मोठं असेल हो? वकील विचारतात आता. आमच्याकडे काही नोंदच नाही."

तो पुढे झुकला. उजव्या हाताची मूठ वळली आणि माझ्यासमोर धरली. "इतकं साहेब. मूठ जाईन इतकं. तळाले, मागच्या अंगाले."

हवालदाराचे पेन थांबले नव्हते, तो लिहीतच होता.

"तुम्ही तर पहाटेच पलीकडे गेला होतात ना?" मी विचारले.

मूठ तशीच टेबलाच्या वर राहिली. मग त्याने ती हळूच मांडीवर नेली. "गावात सारे म्हणतेत..."

"गावात कोणी म्हणत नाही. मी विचारलं आहे. नावाड्यानं सांगितलं होतं, आणि आता तुम्ही सांगितलं. तिसऱ्या माणसाला ठाऊक नाही." मी दोन्ही पत्रे त्याच्यासमोर ठेवली आणि एक कोरा कागद दिला. "यातल्या शेवटच्या दोन ओळी इथं लिहून दाखवा."

त्याने पेन खिशातून काढलेच नाही. "वकिलाले फोन करतो," म्हणाला. अक्षराचा अहवाल पुढे तज्ज्ञाकडून आला, पण मला त्या दिवशी त्याची गरज राहिली नव्हती.

त्याला ताब्यात घेतले, तरीही न्यायालयात एक वळलेली मूठ पुरत नाही. मला त्या चौघी हव्या होत्या. मी चावी घेतली, गावात गेलो, समाजमंदिराच्या खोलीचे कुलूप स्वतः काढले, आणि वाचलेल्यांत सर्वांत वयस्क होती तिच्या घरी गेलो. तिची धाकटी जाऊ त्या दिवशी बुडाली होती. म्हातारी ओसरीत बसून होती.

"ठेकेदार आत आहे," मी सांगितले. "आता खरं सांगा, आजी. त्या सकाळी काय झालं?"

तिने माझ्याकडे इतका वेळ पाहिले की मीच नजर वळवली.

"तीन हप्ते खोलीले कुलूप लावलं, अन् आता म्हणता खरं सांग?" ती म्हणाली. "दवाखान्यात तुमी जबाब घेतला, तवा तो कोठी होता, आठवते काय? मायाच खाटीपाशी उभा होता. मले मोसंबी सोलून देऊन राहिला होता. तुमी त्याले काई बाहेर नाई काढलं. त्याच्या टोळीत नाव नसलं तं आमाले साल-साल काम नाई भेटत. मी काय सांगू त्याच्यासमोर?"

मी टोपी काढून पायरीवर बसलो, आणि ती पुढे सांगू लागली.

"नावाडी हात जोडून म्हणे, दोन फेऱ्या करू. यानं पोतं कोंबलं, त्याच्या पाठीत हात मारला, अन् आमाले म्हणे, बसा, उशीर होऊन राहिला. मी पाह्यलं. आमी सात मेलो, चार जगलो, अन् त्या गरिबाले आत टाकलं. आमी चुप. पहिल्या मिटिंगीत मीच बाईले म्हणलं, बारावं घर लिव. पोलिसाले सांगाची हिंमत नाई, तं त्याच्या पोरीले भात तरी गेला पायजे. बाकीच्याही हो म्हणल्या. बाईले शपथ घातली का हे कोनाले सांगू नको."

दुसऱ्या दिवशी तिने आणि आणखी दोघींनी न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जबाब दिले. पुरवणी दोषारोपपत्र दाखल झाले. नावाडी सुटला. ठेकेदाराला पुढे शिक्षा झाली. त्याचे अपील अजून चालू आहे, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

मी बाईंकडे माफी मागायला गेलो. त्यांनी बसायला सांगितले, पाणी दिले. मी विचारले, "तुम्हाला सगळं ठाऊक होतं. तेव्हाच सांगितलं असतंत तर?"

"मी काठावर नव्हते, साहेब. मी सांगितलं असतं आणि त्या भीतीनं नाही म्हणाल्या असत्या, तर कायमच्या खोट्या पडल्या असत्या. मी ठरवलं होतं, वर्षभर घरात तांदूळ राहू द्यावा. त्यांना त्याच्या टोळीत जावं लागू नये. मग एक दिवस त्या आपल्या पायांनी तुमच्याकडे आल्या असत्या." माझ्यासमोरचा रिकामा पेला उचलत म्हणाल्या, "त्यालाही हे कळलं होतं. तुम्हाला कळायच्या आधी कळलं, एवढंच."

तेव्हा मला ते पत्र खऱ्या अर्थाने वाचता आले. ते बाईंविरुद्ध नव्हतेच. ज्या बायांचे पोट त्याच्या हातातून निघाले होते ते त्याला परत हवे होते, आणि ते परत मिळवून देण्याचे काम त्याने माझ्याकडून करून घेतले होते.

निधी त्यानंतर दोन वर्षे चालला. उरलेल्या रकमेतून गावाने इंजिनाची लोखंडी नाव घेतली, बसणाऱ्याच्या अंगात तरंगणारे जाकीट असल्याशिवाय ती सुटत नाही. नावाड्याला ती चालवायला सांगितले होते. त्याने नाही म्हटले. तो आता पाण्यावर जात नाही, एका गिरणीत हमालीला जातो. ज्या दोघींना त्याने ओढून काढले होते, त्यांच्याकडे सणाला त्याच्या मुली जेवायला जातात असे ऐकतो.

या प्रकरणाने काय शिकवले, असे मला कधी कधी व्याख्यानांत तरुण अधिकारी विचारतात. संशय घेऊ नका, असे मी सांगत नाही. संशयावाचून हे काम होत नाही. पण मी ज्याच्यावर संशय घ्यायला हवा होता, त्याच्या घरचा चहा प्यालो, आणि जिच्यावर घेतला तिने वहीत ती ओळ माझ्यासाठी उघडी ठेवली होती. संशय घेताना त्याची किंमत कोण मोजतो आहे, एवढे मी तेव्हा पाहिले नाही.

वर लिहिले की तीन बायांनी जबाब दिले. वाचल्या चार होत्या. चौथी ऐन तिशीतली, घरात सासरा आणि तीन लेकरे. कुलूप लावल्याच्या तिसऱ्या आठवड्यात ती मिरचीच्या टोळीत नाव देऊन तेलंगणात गेली होती. ठेकेदार आत गेल्यावरही टोळी त्याच्या भावाने चालवली. ती परत आली तेव्हा मी तिच्याकडे दोनदा गेलो. न्यायालयातही ती उभी राहिली आणि पहिल्या दिवशी रुग्णालयात जे म्हणाली होती तेच म्हणाली. "मले ठाऊक नाई." सरकारी वकिलाने तिला फितूर साक्षीदार ठरवून घेतले. बाहेर व्हरांड्यात ती माझ्या शेजारून गेली, तेव्हा मी तिला थांबवले नाही. ती खोटारडी नव्हती. तिच्या घरी तीन आठवडे तांदूळ नव्हता, आणि तो मी कोंडून ठेवला होता.